काउंटी चार्टरमध्ये देखरेख कमिशन आणि पगाराचे नियम बदलायचेत? कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींसाठी पायरी-पायरीने

शेरीफ खात्यावर नजर ठेवणारं नागरिकांचं कमिशन हवं, सुपरवायझरांनी (काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डाच्या सदस्यांनी) स्वतःचा पगार स्वतः वाढवू नये, हे विषय कॅलिफोर्नियातल्या काउंट्यांमध्ये सारखे निघतात आणि आता आपल्यातलेही बरेच जण त्यात उतरायला लागलेत, हे चांगलंच आहे. पण सुरुवात बहुतेक वेळा उलट्या टोकाने होते. आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग ऑनलाइन पिटिशन, मग पोस्टर आणि सगळ्यात शेवटी मसुदा. ऑनलाइन पिटिशनवरच्या हजारो सह्यांना इथल्या निवडणूक कायद्यात काहीही किंमत नाही, ते फक्त दबाव आणायचं साधन आहे. आणि मसुदा शेवटी घाईत लिहिला की त्यातली भोकं मतदानानंतर कोर्टात दिसतात, तेव्हा काही करता येत नाही.

म्हणून खालचा क्रम पाळा. कंटाळवाणी कामं आधी आहेत, ती वगळू नका.

## १. तुमच्या काउंटीला चार्टर आहे का ते बघा

चार्टर म्हणजे काउंटीची स्वतःची छोटी घटना. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत, त्यातल्या फक्त १४ चार्टर काउंट्या. सांता क्लारा, अलमीडा, सॅन मटेओ, सॅक्रामेंटो, लॉस एंजेलिस, ऑरेंज, सॅन डिएगो, सॅन बर्नार्डिनो ह्या त्यातल्या आपल्या लोकांच्या ओळखीच्या. सॅन फ्रान्सिस्को पण आहे पण ते शहर आणि काउंटी एकच, त्याचे नियम वेगळे. डब्लिनमध्ये राहत असाल तर तुम्ही अलमीडात, म्हणजे चार्टर आहे, आणि शेजारच्या सॅन रॅमोनमध्ये असाल तर कॉन्ट्रा कोस्टात, म्हणजे नाही. एकाच मंडळातले लोक ह्यावरून तासभर वाद घालतात कारण दोघंही आपापल्या काउंटीबद्दल बरोबर असतात.

चार्टर नसेल तरी देखरेख मंडळ करता येतं, २०२० मध्ये झालेल्या एबी ११८५ ह्या राज्य कायद्याने कुठल्याही काउंटीला ती मुभा आहे, बोर्डाच्या ठरावाने किंवा मतदानाने, आणि त्या मंडळाला समन्स काढायचा अधिकारही मिळतो. सोनोमाला चार्टर नाही, तरी तिथे २०२० मध्येच मतदारांनी असा बदल केला.

आपल्याकडची सवय इथे थोडी आडवी येते. जिल्हा परिषदेची रचना १९६१ च्या राज्य कायद्याने ठरलेली, ती बदलायची तर मुंबईत विधिमंडळात. इथे चार्टर काउंटीतली बरीच रचना त्याच काउंटीचे मतदार साध्या बहुमताने बदलू शकतात, त्यामुळे तुमच्या असेम्ब्ली मेंबरला पत्र लिहून सुरुवात करू नका, तो दरवाजा ह्या कामाचा नाही.

सावधान: सह्यांच्या अर्जावर सही फक्त नोंदणी झालेल्या मतदाराने करायची, म्हणजे नागरिकानेच. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी वर असाल तर कोणी कितीही आग्रह केला तरी सही करू नका, मतदार असल्याचा खोटा दावा इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतो. बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही. कमिशनवर नेमणूक व्हायलाही लागत नाही, २०१९ च्या एसबी २२५ कायद्यापासून राज्यातला कोणीही प्रौढ रहिवासी नेमला जाऊ शकतो, फक्त मानधन असेल तर व्हिसावाल्यांनी ते घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

## २. चार्टरचा खरा, आजचा मजकूर हातात घ्या

ही पायरी लोक पाच मिनिटांत उरकतात. वेबसाइटवरची पीडीएफ उतरवली की झालं असं वाटतं. लॉस एंजेलिसमध्ये काय झालं ते नीट वाचा म्हणजे कळेल.

२०२० मध्ये तिथल्या मतदारांनी मेझर जे मंजूर केलं (मेझर म्हणजे मतपत्रिकेवर मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव). काउंटीच्या स्वतःच्या मोकळ्या महसुलातला किमान १० टक्के भाग समाजकार्यासाठी आणि तुरुंगाला पर्याय म्हणून चालणाऱ्या कामांसाठी ठेवायचा, असं कलम चार्टरमध्ये आलं. त्यावर कोर्टकचेरी झाली, खालच्या कोर्टात ते पडलं, २०२३ मध्ये अपील कोर्टाने परत उभं केलं. पण ह्या सगळ्यात चार्टरच्या छापील प्रतीत तो मजकूर घालायचा राहूनच गेला. मग नोव्हेंबर २०२४ ला मेझर जी आलं, बोर्ड ५ वरून ९ चं करायचं, काउंटी एक्झिक्युटिव्ह निवडून द्यायचा, एथिक्स कमिशन नेमायचं. त्याचा मसुदा त्या अपुऱ्या प्रतीवर बेतला, जुना भाग रद्द करून नवा घातला आणि नव्या भागात मेझर जे नव्हतंच. मतदारांनी जी मंजूर केलं आणि नकळत जे काढून टाकायला होकार दिला. हे उघड झालं जुलै २०२५ मध्ये, मतदानानंतर आठ महिन्यांनी. एवढी मोठी काउंटी, एवढे वकील, आणि चूक पकडली ती एका माजी नगरसेवकाने. त्यामुळे हे काम काउंटी कौन्सेल (काउंटीचा वकील) करेलच असं धरून चालू नका.

तुम्ही काय करायचं:

- काउंटीच्या क्लार्ककडून चार्टरची ताजी प्रत लेखी मागवा.
- गेल्या २०-२५ वर्षांत चार्टरवर कुठली कुठली मेझर मंजूर झाली त्याची यादी रजिस्ट्रारकडून (काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्याकडून) घ्या.
- प्रत्येक मेझरचा पूर्ण मजकूर प्रतीशी शब्दाला शब्द लावून बघा.
- मंजूर दुरुस्ती राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे दाखल होते, तिथली प्रत शेवटची कसोटी म्हणून घ्या.

दोन-तीन जणांनी एक वीकेंड काढला तर होतं. एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्रतीवर बोट ठेवून बघतो, ह्या जुन्या पद्धतीत चूक लवकर सापडते.

तपासा: मसुद्यात "अमुक कलम पूर्ण रद्द करून त्याजागी" असं वाक्य आलं की थांबा. शक्य तिथे फक्त बदलायचे तेवढेच शब्द बदला.

## ३. कुठली गोष्ट कुठल्या कागदात जाते ते ठरवा

सगळंच चार्टरमध्ये कोंबायचा मोह होतो कारण चार्टर बदलणं अवघड, म्हणजे आपला नियम टिकेल. पण तीन थर आहेत आणि ते वेगळे ठेवावेच लागतात.

सगळ्यात वर राज्यघटना आणि राज्य कायदा. काउंटी चार्टरमध्ये शेरीफ, डिस्ट्रिक्ट अटॉर्नी (फौजदारी खटले चालवणारा सरकारी वकील) आणि असेसर (करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणारा) हे निवडून आलेलेच असले पाहिजेत असं कॅलिफोर्नियाची घटना सांगते, त्यामुळे "शेरीफ नेमायचा" हे काउंटीच्या मतदानाने होणार नाही. शेरीफच्या तपासाच्या कामात बोर्डाला अडथळा आणता येत नाही. पोलिसांच्या वैयक्तिक फायलींची गोपनीयता राज्य कायद्यात आहे, २०१९ पासून काही प्रकारच्या नोंदी खुल्या झाल्यात पण सगळ्या नाही, आणि चार्टरने त्या उघडता येत नाहीत.

मधे चार्टर. कमिशन अस्तित्वात असणं, त्याचे मूळ अधिकार, पैसा, सदस्य कसे येतात आणि जातात, पदाधिकाऱ्यांचा पगार कोण आणि कसा ठरवतो, हे इथे. खाली ऑर्डिनन्स (काउंटीचा साधा स्थानिक कायदा), म्हणजे मीटिंग कधी, पोटसमित्या किती, फॉर्म कुठला. लॉस एंजेलिसच्या सिव्हिलियन ओव्हरसाइट कमिशनला मार्च २०२० मध्ये मेझर आर ने समन्सचा अधिकार मिळाला तो ऑर्डिनन्समधून, आणि २०२२ च्या मेझर ए ने शेरीफला सबळ कारण असेल तर काढायचा अधिकार बोर्डाला दिला तो चार्टरमधून. दोन्हीला मतदारांनी भरघोस मतं दिली.

## ४. मसुदा: कमिशनचा भाग

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कमिशन स्थापन केलं आणि हातात काही दिलं नाही अशी मंडळं बरीच आहेत, लोक दर महिन्याला जमतात, रिपोर्ट लिहितात आणि पुढे काही होत नाही.

एक कलम जवळून बघू. पहिला मसुदा बहुतेक असा येतो:

"कमिशनला शेरीफ खात्याकडून आवश्यक ती माहिती मिळेल."

वाचायला छान. पण आवश्यक कुठली ते कोण ठरवणार, किती दिवसांत मिळणार, नाही दिली तर काय, काहीच नाही. हेच असं लिहा:

"कमिशनने लेखी मागितलेला कागद शेरीफ ३० दिवसांत देईल. राज्य कायद्याने गोपनीय असलेला भाग वगळायचा असल्यास कुठला भाग आणि कुठल्या कलमाखाली ते त्याच मुदतीत लेखी कळवेल. मुदत उलटल्यास कमिशनला समन्स काढता येईल, आणि समन्स न पाळल्यास सुपीरियर कोर्टात जाता येईल."

लांब झालं पण आता प्रत्येक "नाही" ला पुढची पायरी आहे. असंच बाकीच्या मुद्द्यांना करा:

सदस्य कोण नेमतो. लॉस एंजेलिसच्या कमिशनवर ९ जण, प्रत्येक सुपरवायझरचा एकेक आणि बाकीचे चार समाजातून निवडलेले. प्रत्येक सुपरवायझरचा एकेकच असा साधा साचा घेतला तर कमिशन म्हणजे बोर्डाची सावली होऊ शकते, म्हणून बाहेरून येणाऱ्या जागा ठेवाच.

काढायचं कसं. नेमणाऱ्याच्या मर्जीने कधीही काढता येत असेल तर सदस्य तोंड उघडणार नाही. टर्म ठरवा, काढायची कारणं लिहा.

वकील कोणाचा. हे जवळजवळ सगळे विसरतात. काउंटी कौन्सेल बोर्डाचाही सल्लागार, शेरीफचाही आणि कमिशनचाही. शेरीफविरुद्ध समन्सवरून भांडण झालं की तो कोणाकडून उभा राहणार? संघर्ष असेल तेव्हा कमिशनला बाहेरचा वकील घेता येईल आणि त्याचे पैसे काउंटी देईल, हे वाक्य मसुद्यात असलंच पाहिजे.

पैसा. "पुरेसा निधी" हे शब्द बजेटच्या वेळी काही कामाचे नाहीत. स्टाफची किमान संख्या किंवा देखरेख होणाऱ्या खात्याच्या बजेटचा ठरावीक हिस्सा, असं मोजता येणारं लिहा.

अपूर्णांक. पदाधिकाऱ्याला काढायला चार-पंचमांश मतं असा नियम असेल तर ५ च्या बोर्डात ४ मतं लागतात. बोर्ड ९ चं झालं की ८ लागतील, म्हणजे दोन जण विरोधात गेले तरी ठराव पडतो. लॉस एंजेलिसला हा प्रश्न पुढे येणारच आहे. बोर्डाचा आकार बदलत असाल तर चार्टरमधला प्रत्येक अपूर्णांक शोधून परत मोजा.

सॅन मटेओचा मार्च २०२५ चा मेझर ए पण वाचून ठेवा. तिथे शेरीफला काढायचा अधिकार बोर्डाला दिला, चार-पंचमांश मतांनी, पण फक्त २०२८ संपेपर्यंत. मुदत घातल्यामुळे एवढा मोठा अधिकार द्यायला घाबरणारे लोकही तयार होतात, मसुद्यात हा मार्ग उपलब्ध आहे हे लक्षात ठेवा.

## ५. मसुदा: पगाराचा भाग

पगारावर लोक रागाने लिहितात आणि रागाने लिहिलेलं कलम लवकर मोडतं.

सॅन बर्नार्डिनोत २०२० ला मेझर के मंजूर झालं: सुपरवायझरला एकच टर्म, आणि पगार आणि भत्ते मिळून महिन्याला ५,००० डॉलरची मर्यादा. बोर्ड कोर्टात गेलं, आणि अपील चालू असतानाच २०२२ मध्ये बोर्डाने मेझर डी आणून वेगळे नियम मतदारांपुढे ठेवले आणि तेही मंजूर झाले. पगार कमी असावा की नाही हा तुमचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. पण ठाम आकडा चार्टरमध्ये घातला की महागाईने तो दरवर्षी खाली जातो, त्यावर लढणाऱ्यांना आयतं कारण मिळतं, आणि एवढ्या पगारात फक्त आधीच पैसेवाले लोक उभे राहतील हा आक्षेप खोडणं अवघड जातं.

दुसरा मार्ग म्हणजे पगार दुसऱ्या एखाद्या पगाराशी बांधून टाकायचा. लॉस एंजेलिसच्या सुपरवायझरांचा पगार सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशाच्या पगाराशी बांधलाय. दरवर्षी भांडण नाही, पण वाढ आपोआप होते आणि त्यावर कोणालाच मत द्यावं लागत नाही. तिसरा, सॅन फ्रान्सिस्कोसारखा, जिथे सुपरवायझरांचा पगार दर पाच वर्षांनी सिव्हिल सर्व्हिस कमिशन ठरवतं.

स्वतंत्र पगार कमिशन हवं असेल तर आधी एका वकिलाला हे विचारा की ते कमिशन बंधनकारक निर्णय देईल का फक्त शिफारस. राज्यघटनेत बोर्डाने स्वतःचा पगार ऑर्डिनन्सने ठरवायचा आणि त्यावर जनमत घेता येतं असं म्हटलंय, आणि चार्टरने त्याची तरतूद करायची असंही म्हटलंय, ह्या दोन्हीत नेमकं कुठे बसायचं ते तुमच्या काउंटीच्या चार्टरवर ठरतं.

पगाराच्या कलमात ह्या चार ओळी नसतील तर मसुदा अपुरा समजा:

- पगार म्हणजे काय काय: मूळ पगार, गाडीभत्ता, पेन्शनमधला काउंटीचा हिस्सा, विमा.
- कुठल्या तारखेपासून. सध्याच्या टर्मला का पुढच्या? पुढच्या टर्मपासून ठेवलं तर विरोध निम्मा होतो.
- ज्या आकड्याशी पगार बांधलाय तो बंद झाला किंवा बदलला तर काय.
- कुठल्या पदांना लागू. शेरीफ, असेसर, डिस्ट्रिक्ट अटॉर्नी पण का फक्त सुपरवायझर?

कमिशन आणि पगार एकाच मेझरमध्ये घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पगारावर चिडलेला मतदार कमिशनही पाडतो, किंवा कमिशन आवडलं म्हणून न वाचताच पगाराला हो म्हणतो. दोन वेगळी मेझर आणा.

## ६. रस्ता निवडा: बोर्ड का सह्या

बोर्डाला पटवलं तर ते स्वतः मेझर मतपत्रिकेवर टाकू शकतं, सह्या लागत नाहीत. ५ पैकी ३ सुपरवायझर पुरतात. बोर्ड तयार नसेल तर सह्या: गेल्या गव्हर्नर निवडणुकीत काउंटीत पडलेल्या एकूण मतांच्या १० टक्के. मोठ्या काउंटीत हा आकडा लाखांत जातो आणि स्वयंसेवकांवर होत नाही. रद्द होणाऱ्या सह्या धरून वर चांगला जास्तीचा साठा ठेवावा लागतो, पत्ता बदललेला आणि परत नोंदणी न केलेला मतदार सगळ्यात जास्त सापडतो, आपल्या लोकांत तर फारच, कारण अपार्टमेंटमधून घरात गेले की मतदार नोंदणी बदलायची राहते.

आणखी एक. सह्यांनी "दुरुस्ती" किंवा चार्टर रद्द करणं मागता येतं. चार्टरची पूर्ण फेररचना फक्त बोर्ड किंवा चार्टर कमिशनच मांडू शकतं. म्हणून सह्यांच्या रस्त्याने जाणार असाल तर मसुदा आवरता ठेवा.

तपासा: नोटीस, शीर्षक-सारांश, सह्यांची मुदत, अर्जाचा फॉरमॅट, हे सगळं रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. फोनवर मिळालेलं उत्तर पुरावा नसतं.

## ७. युनियनशी बोलणी मतदानाआधी

इथे चांगले मसुदे मरतात. कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या अटींवर परिणाम होणारी चार्टर दुरुस्ती बोर्ड मतपत्रिकेवर टाकणार असेल तर त्याआधी युनियनशी चर्चा करावी लागते, हे कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ च्या सील बीच खटल्यात सांगितलंय. देखरेख कमिशनला चौकशीचे, शिस्तीच्या शिफारशीचे अधिकार दिले की ते ह्यात येऊ शकतं.

सोनोमाने २०२० ला हे धड केलं नाही. मतदारांनी मेझर पी मोठ्या फरकाने मंजूर केलं, पण शेरीफच्या कर्मचाऱ्यांच्या युनियनांनी तक्रार केली आणि राज्याच्या कामगार संबंध मंडळाने २०२१ मध्ये आधी चर्चा करायला हवी होती असा निर्णय दिला, पुढे अपील कोर्टाने त्यातला काही भाग फिरवला. लोकांनी मत दिलेलं असूनही अंमलबजावणी अडकली.

खऱ्या अर्थाने नागरिकांनी आणलेल्या सह्यांच्या मेझरला हा नियम तसा लागत नाही, पण एखादा पदाधिकारी मागे उभा असेल तर लागू शकतो, २०१८ च्या सॅन डिएगोच्या पेन्शन खटल्यात तेच झालं. म्हणून सह्यांची मोहीम असेल तर सुपरवायझरच्या ऑफिसकडून मसुदा लिहून घेऊ नका.

सावधान: बोर्डाच्या रस्त्याने जाताय तर चर्चेसाठी चांगले काही महिने धरा. जूनमध्ये सुरुवात करून नोव्हेंबरची मतपत्रिका गाठता येत नाही.

## ८. तारखा आणि मीटिंग

मतदानाच्या ८८ दिवस आधी मेझर निवडणूक कार्यालयात पोचलं पाहिजे. ५ नोव्हेंबर २०२४ च्या मतदानासाठी ती तारीख ९ ऑगस्ट होती. बोर्डाला सहसा दोनदा वाचन लागतं आणि उन्हाळ्यात सुट्टी असते, त्यामुळे कॅलेंडर मागून पुढे भरा: ८८ वा दिवस, त्याआधी दुसरं वाचन, त्याआधी पहिलं, त्याआधी युनियन, त्याआधी मसुदा.

नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लागतो, विशेष मीटिंगचा २४ तास. दर शुक्रवारी बघायची सवय लावा. बोलायला एक ते तीन मिनिटं मिळतात, एकाने एकच मुद्दा घ्यावा आणि कलम क्रमांक सांगून बोलावं. दहा जणांनी "आम्हाला पारदर्शकता हवी" म्हटलं तर त्याची एकच नोंद होते. आई-बाबा इथेच राहत असतील आणि त्यांना मराठीत बोलायचं असेल तर जरूर आणा, दुभाषासोबत बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा लागतो, हेडफोनवर लगेच भाषांतर होत असेल तर नाही. दुभाषाचं काय करायचं ते क्लार्कला आधी विचारून ठेवा.

## ९. मतपत्रिकेवरचा प्रश्न आणि प्रचार

मतदार वाचतो तो प्रश्न ७५ शब्दांत. तो सहसा काउंटीकडून लिहिला जातो. मतदार पुस्तिका छापण्याआधी १० दिवस मजकूर लोकांना बघायला खुला असतो, चुकीचं किंवा दिशाभूल करणारं काही दिसलं तर त्याच दहा दिवसांत कोर्टात जाता येतं. ते दहा दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा, कोणाची इंडिया ट्रिप तेव्हा नको. पुस्तिकेत मेझरच्या बाजूने किंवा विरोधात लिहायचा लेख ३०० शब्दांचा, प्रत्युत्तर २५० चं.

२,००० डॉलर जमले की राजकीय समिती म्हणून नोंदणी लागते. सी-थ्री (करमुक्त धर्मादाय संस्था) दर्जाचं मंडळ मेझरला पाठिंबा देऊ शकतं, ते लॉबिंगमध्ये धरलं जातं आणि त्याला मर्यादा आहे, पण त्याच स्टेजवर उमेदवाराला पाठिंबा दिला की मंडळाचा दर्जा धोक्यात येतो. गणपतीच्या कार्यक्रमात माहितीचं टेबल लावाल तर शेजारी कोणाचा प्रचार बोर्ड नाही ना बघा. काउंटीचा पैसा, स्टाफ, ईमेल प्रचाराला वापरायला बंदी आहे.

## १०. मंजूर झाल्यावरची कामं

बहुतेक ग्रुप इथे पार्टी करून विखुरतात, आणि मेझर जे चं झालं तसं होतं. निकाल अधिकृत झाला की मजकूर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे दाखल झाल्याची पावती मागा. महिन्याभराने काउंटीच्या वेबसाइटवरची प्रत उघडून तुमचं कलम आहे का, शब्द तेच आहेत का बघा, सहा महिन्यांनी परत बघा. लागणाऱ्या ऑर्डिनन्सची यादी आणि तारखा बोर्डाकडून लेखी घ्या. सदस्य नेमायची मुदत पाळली का, कमिशनला ऑफिस, स्टाफ आणि वकील मिळाला का, आणि पहिल्या बजेटमध्ये त्याची ओळ आहे का ते जूनमध्ये बजेट सुनावणीला जाऊन विचारा. तुमच्यातल्या एकाने नेमणुकीसाठी अर्जही भरा, बऱ्याच काउंट्यांत जागा रिकाम्या राहतात कारण कोणी अर्जच करत नाही.